तपकिरी म्हणजे कोरडं

उंची

समुद्राच्या तळाला टेकड्या असतात. हजारोंनी असतात, आणि त्यांतल्या बहुतेक अजून कुणी मोजलेल्या नाहीत. न मोजलेल्या टेकड्या तयार करणं हे दर्शनाचं काम.

हे सांगितलं की लोक हसायचे. धसईच्या बाजारात वांगी विकणारी बाई एकदा म्हणाली होती, "म्हंजे तू पाण्याखाली घरं बांधतेस काय गो?"

"तसंच समज, मावशे," दर्शना म्हणाली होती आणि पाव किलो वांगी घेऊन घरी आली होती.

खरं काम असं. जहाज समुद्रावरून सरळ रेघेत जातं, जाताना खाली आवाज सोडतं. आवाज तळाला आपटून वर येतो. यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. जिथून जहाज गेलं तिथला नकाशा खरा. पण समुद्र मोठा आणि जहाजाचं डिझेल थोडं, त्यामुळे दोन रेघांच्या मध्ये पट्टे राहून जातात, कुठे कुठे भोकं राहतात. नकाशा मागवणाऱ्यांना भोकं आवडत नाहीत. मग दर्शना शेजारच्या मोजलेल्या तळाकडून पाच गोष्टी विचारून घेते: टेकड्या साधारण किती उंच, किती रुंद, किती लांब, कुठल्या दिशेला आडव्या पडलेल्या, आणि अंगानं किती खरखरीत. हे पाच आकडे आणि सोबत मनाला येईल तो एक सुरुवातीचा आकडा कॉम्प्युटरला दिला की तो भोकात टेकड्या भरून देतो. सुरुवातीचा आकडा बदलला की टेकड्या जागा बदलतात. उंची, रुंदी, वळण, सगळं तसंच राहतं.

त्या टेकड्या तिथे नसतात. पण तशा टेकड्या तिथे तेवढ्याच असतात.

हे वाक्य ती नव्या माणसांना शिकवताना वापरायची. नवी मुंबईच्या ऑफिसात त्यावर सगळे मान डोलवायचे.

फेब्रुवारीपासून ती घरीच होती. धसईच्या अलीकडच्या गावात, ओटीवरच्या खिडकीला डोंगल लटकवून, तिच्या भावाच्या लग्नात आहेर आलेल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती काम करत होती. रजा घेतली नव्हती. रजा घेऊन काय करायचं, ते तिला सुचलं नव्हतं.


सुरुवातीचा आकडा

तिच्या भावाचं, संजूचं, काय झालं ते कुणी पाहिलं नाही.

ठाऊक होतं ते एवढंच. अकरा फेब्रुवारीला दुपारी साडेबारा वाजता त्यानं जहाजावर सगळ्यांना जेवण वाढलं. तीन वाजता चहा आला नाही. मागच्या बाजूला कठड्याशी एक चप्पल सापडली, डाव्या पायाची. मधले अडीच तास म्हणजे भोक. आणि भोक दिसलं की भरायचं, ही दर्शनाच्या हाताला सवय.

आकडा ४१. संजू उष्ट्याची बादली घेऊन मागे येतो. बादली जड असते. तो ती कठड्यावर टेकवतो, कलंडवतो, बादलीबरोबर थोडा जास्तच पुढे वाकतो.

आकडा ४२. दोरीवर वाळत घातलेलं फडकं वाऱ्यानं सुटतं. संजू ते धरायला उजवा हात पुढे करतो. डाव्या हातानं कठडा धरलेला असतो, पण डाव्या करंगळीचं वरचं पेर त्याला नाही, ते शहापूरच्या पुढे नाशिक हायवेवरच्या ढाब्यात कणीक मळायच्या मशीननं नेलं. पकड सुटते.

आकडा ४३. काहीच होत नाही. तो कठड्याला टेकून उभा असतो. मग उभा नसतो.

तिन्हींत चप्पल एकच. तिन्हींत माणूस एक कमी. बेरीज बदलत नाही.

ढाब्यावरून त्याला जहाजावर लावलं ते दर्शनानंच. ऑफिसातल्या रितेशला सांगितलं, रितेशनं जहाजाच्या स्वयंपाकघराचं कंत्राट असलेल्या माणसाला सांगितलं. आबा तेव्हा गावभर सांगत फिरले होते, "बहीण-भाऊ एकाच खात्यात लागले. ही समुद्र मोजते, तो मोजणाऱ्यांना जेवू घालतो." आबा म्हणजे महादू, दोघांचा बाप.

माणूस कमी आहे हे कळल्यावर जहाज मागे वळलं. तीन दिवस त्याच भागात फिरलं. शोधताना आवाज सोडायचं यंत्र बंद होतं. मग डिझेल संपत आलं आणि जहाज बंदराला परतलं. त्यामुळे नकाशात तेवढीच जागा कोरी राहिली, अकरा किलोमीटर लांब आणि नऊ किलोमीटर रुंद. चारी बाजूंनी मोजलेला तळ आणि मध्ये पांढरा चौकोन.

"तो तुकडा तू नको करूस," रितेश फोनवर म्हणाला होता. "मी पंकजला देतो."

"मीच करते. शेजारचे आकडे माझ्याकडेच आहेत."

"नक्की?"

"हो."

चाळीस मिनिटं लागली. सुरुवातीचा आकडा तिनं ४१ दिला. का दिला ते तिला विचारू नये. मग तिनं चहा केला, प्यायली, कप विसळून पालथा घातला.


लांबी

फेब्रुवारी ते मे.


दिशा

माणूस सापडला नाही की पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. पानं तीनशे साठ लागतात. ती डोक्याला किती, हाताला किती, पोटाला किती, हे गावात आता एकट्या राघोला तोंडपाठ होतं. राघो आबांच्या वयाचा, दोघं लहानपणी एकाच ओढ्यात डुंबलेले. त्याच्या बापानं त्याला गणती शिकवली होती, आणि राघोच्या उभ्या आयुष्यात ती दोनदाच कामाला आली होती.

फेब्रुवारीत बातमी आली तेव्हा पळसाला पान नव्हतं. नुसती लाल फुलं. राघो दारात उभा राहून म्हणाला होता, "फुलांचा माणूस होत नाय. पानं येऊ दे. वैशाखाच्या अवसेला करू."

म्हणून सगळे थांबले. संजूची बायको सरू थांबली. तिनं मंगळसूत्र काढलंही नाही आणि उघड घातलंही नाही. पदराखाली ठेवलं. सरू गावच्या अंगणवाडीत मुलांना शिकवायची. ती आणि दर्शना मुरबाडच्या कॉलेजात एका बाकावर बसलेल्या, त्यामुळे नणंद-भावजय झाल्यावरही दोघी एकमेकींना नावानंच हाक मारत.

मे उजाडला. पळस हिरवा झाला, पानं तळहाताएवढी झाली. आणि अमावस्येला सहा दिवस उरले असताना आबांनी ते चित्र पाहिलं.


रंग

आबा भेंडीची पाटी घेऊन आत आले होते. पाटी टेकवताना त्यांचं लक्ष लॅपटॉपकडे गेलं.

"हे काय?"

दर्शनाला झाकण खाली पाडता आलं असतं. ती म्हणाली, "संजू गेला तिथली जमीन."

आबांनी धोतराला हात पुसले. चष्मा शोधला, लावला. त्या टेबलासमोर ते आधी कधी बसले नव्हते. खुर्ची मागे ओढून बसले आणि बघत राहिले. दर्शना भेंड्या निवडायला लागली. मोठ्या एकीकडं, किडक्या एकीकडं.

"हे तपकिरी काय?" बऱ्याच वेळानं आबांनी विचारलं.

"उंच आहे ते."

"आन निळं?"

"खोल."

"ही खळगी, हा उंचवटा. असं आडवं, नांगरल्यासारकं." आबांचं बोट पडद्यावर तिरकं फिरलं, वायव्येकडून आग्नेयेकडं, अगदी बरोबर. दर्शनाला वाटलं, ऑफिसात नव्या मुलांना हे वळण दिसायला आठवडा लागतो.

आबा उठले. चष्मा खिशात घातला. "बरं," म्हणाले आणि बाहेर गेले. जेवताना त्यांनी भात दुसऱ्यांदा मागितला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. सरूनं दर्शनाकडं बघितलं. दर्शना खाली ताटात बघत होती.

इथं आबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. खाचर समतल करण्यात आबांचा हात धरणारा माणूस त्या पट्ट्यात नव्हता. लोक त्यांना माळशेजच्या पायथ्यापासून बोलवायला यायचे. त्यांच्याकडे ना दोरी, ना लेव्हल. खाचरात पाणी सोडायचे, बांधावर उभे राहायचे आणि नुसतं बघायचे. पाण्यातून जिथं चिखल वर डोकावतो ते उंच. जिथं पाणी दिसतं ते खोल. मग फळी ओढून वरचं खालच्यात न्यायचं. चाळीस वर्षं आबांनी जमीन अशी वाचली होती. तपकिरी दिसतं ते पाण्याच्या वर असतं. एकदाही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राघो आला. "पानं तयार हायेत. ओढ्यावरचा पळस लय सुंदर फुटलाय. अवसेला पहाटे तोडायची."

"कुणासाठी?" आबांनी विचारलं.

राघोला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "संजूसाठी रे."

"संजूला काय धाड भरलीय? तिथं कोरडं हाय."

"कुटं?"

"तो पडला तिथं. मी बघितलं. पोरीच्या मशीनवर हाय सगळं. चार-पाच जागी वर आलेलं हाय. एखादी तर आपल्या गावाएवढी."

"महादू, डोस्कं फिरलं काय तुझं?"

"तुझं फिरलं. जित्या माणसाला जाळायला निघालास!"

ओटीवर सरू कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला परकर दोरीवर अर्धा लोंबत राहिला.


खोली

"आबा, ते सगळं पाण्याखाली आहे," दर्शना म्हणाली. "तपकिरीसुद्धा."

"तूच म्हनालीस, उंच हाय."

"उंच म्हणजे तळापेक्षा उंच. वर साडेतीन हजार मीटर पाणी आहे."

"म्हंजे किती?"

तिनं हिशेब केला. "आपला माळशेजचा डोंगर असे पाच. एकावर एक."

आबांनी उत्तरेला बघितलं. डोंगर उन्हात करडा दिसत होता. पाच वेळा बघून झाल्यासारखे ते परत वळले.

"मग तपकिरी कशाला काढलंस? सगळं पाणीच हाय तर सगळं निळं काढायचं."

रंग दर्शनानं निवडले नव्हते, प्रोग्रॅममध्ये आधीपासूनच होते. खोल ते निळं, उथळ ते तपकिरी. हे कुणी, कधी, कुठल्या देशात ठरवलं, तिला माहीत नव्हतं. आजवर एकाही माणसानं तिला ते विचारलं नव्हतं.

"तुमी शिकलेली मानसं," आबा म्हणाले, "एकदा एक सांगता, एकदा एक." आणि भेंडीला पाणी लावायला गेले.

दुपारी विहिरीवर सरूनं बादली ओढता ओढता विचारलं, "खरंच वर काही नाही ना गो?"

"नाही."

"अगदी एवढंसंसुद्धा?"

"सरू, ती टेकडीच तिथं नाही. ते जहाजानं मोजलेलं नाही. मी भरलंय."

सरूनं बादली कठड्यावर ठेवली. "म्हणजे तू बनवलीस?"

"मी एक आकडा दिला. बाकी त्यानं बनवलं."

"मग पुसून टाक."

"पुसली तर दुसरीकडं दुसरी येईल."

सरूनं वाकून विहिरीत बघितलं. विहिरीचा तळ दिसायला लागला होता, मे महिना. "तुला सांगू? बाया मला बघून रस्ता बदलतात. वाईट म्हणून नव्हे. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, त्यांना कळत नाही. अंगणवाडीत एक पोर विचारतं, बाई, तुमचे ते कधी येणार? मी म्हणते, बघू. तीन महिने मी बघूच म्हणते. मला एक काय ते होऊ दे, दर्शना."

"मी सांगते आबांना."

"आकड्यात नको सांगूस."

पण दर्शनाला दुसरं काही येत नव्हतं.


सुरुवातीचा आकडा, पुन्हा

संध्याकाळी तिनं आबांना टेबलापाशी बसवलं. सरू दाराला टेकून उभी राहिली.

"हा चौकोन बघा. तपकिरी कुठंय?"

"ही इथं. ही इथं. ही मोठी." आबांना पाठ झाल्या होत्या. मोठ्या टेकडीवर त्यांचं बोट थांबलं. "ह्या मोठीवर असल तो. पोहत जाईल तर मोठीकडंच जाईल. तेवढी अक्कल हाय त्याला."

"आता बघा." दर्शनानं ४१ खोडला, ४२ लिहिलं. पडदा क्षणभर पांढरा झाला, मग भरला. मोठी टेकडी गेली. तिथं निळं आलं. दुसऱ्या कोपऱ्यात दोन नव्या उगवल्या.

आबा पुढे वाकले.

"बघितलं? ही मी बनवते. अशी हजार वेळा बनवीन, हजार वेळा वेगळी होईल. ती टेकडी खरी नाही, आबा. जहाजानं तिथं मोजलंच नाही."

"पुन्ना कर."

४३. तपकिरी पट्टे खाली सरकले.

"पुन्ना."

४४. ४५. ४६. आबा प्रत्येक वेळी पडदा भरेपर्यंत श्वास धरून थांबत होते. लहान मुलाला पतंग दाखवावा तसे त्यांचे डोळे चौकोनभर फिरत होते. नवव्या की दहाव्या वेळेला ते मागे टेकले. चेहरा शांत झाला होता.

"म्हंजे," ते म्हणाले, "कुटं ना कुटं कोरडं हायच."

दर्शनाचा हात बटणावरच राहिला.

"किती बी येळा कर. एकदा तरी सगळं निळं झालं काय? नाय झालं. जागा तुला ठाव नाय, ती गोष्ट येगळी. पन कोरडं हाय हे नक्की."

हे चूक कसं, ते तिला दाखवता येईना. त्यांनी जे पाहिलं ते बरोबरच पाहिलं होतं. प्रत्येक वेळी तपकिरी येतच होतं. यायलाच हवं होतं, आकडे तसेच होते.

दारातून सरू निघून गेली. चुलीवर काहीतरी फोडणीला पडल्याचा आवाज आला.


पाणी

अमावस्येला दोन दिवस. सकाळचे साडेनऊ. दर्शना रितेशशी फोनवर बोलत होती. नकाशा शुक्रवारी पाठवायचा होता. "चौकोनाचं वळण दोन-तीन अंश इकडं-तिकडं वाटतंय," तो म्हणत होता. "एकदा पुन्हा चालवून टाक." तेवढ्यात बाहेर मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. मोटार भेंडीसाठी दुपारी चारला लागायची. सकाळी कधीच नाही.

ती बाहेर आली.

विहिरीच्या खालच्या अंगाला छोटं खाचर होतं. आबांनी ते नुकतंच नांगरून ठेवलेलं, ढेकळं मुठीएवढी, डोक्याएवढी. सरूनं भेंडीकडं जाणारा पाइप उचलून त्यात टाकला होता. बांधाचं तोंड चिखल लावून बुजवलं होतं. साडी गुडघ्यापर्यंत खोचून ती बांधावर उभी होती, अंगणवाडीत जायच्या निळ्या साडीत.

आबा भेंडीतून धावत आले. "कोनी सोडलं रे पानी? आं?"

"मी."

"बंद कर! दोन तासांचं पानी हाय विहिरीत. भेंडी मरल."

"आबा, बघा," सरू म्हणाली. "किती ठिकाणी कोरडं दिसतंय?"

आबांनी बघितलं. त्यांना बघावंच लागलं. पाणी भरलेलं खाचर समोर असलं की त्यांचे डोळे आपोआप कामाला लागायचे. "सात जागी," ते म्हणाले. "त्या कोपऱ्यात आठवं हाय, बारीक."

"ह्यातल्या एकावर ते आहेत."

आबांची नजर एकेका ढेकळावरून फिरली.

"कुठल्यावर ते आपल्याला ठाऊक नाही. दर्शनालापण नाही. पण एकावर आहेत. बरोबर?"

"हां," आबा म्हणाले.

"मग मी पाणी चालूच ठेवते."

मोटार घुमत राहिली. पाइपातून पाणी पडत होतं आणि ढेकळांच्या भोवती फिरत होतं. आठवं गेलं. मग दोन एकदम गेली. आबा जागचे हलले नाहीत. बांधाला टेकवलेलं फावडं त्यांच्या हाताशी होतं. एक घाव घातला असता तर बांधाचं तोंड मोकळं झालं असतं आणि सगळं पाणी खालच्या शेतात उतरलं असतं. त्यांनी फावडं हातात घेतलं. घेऊन उभे राहिले.

चार. तीन. उन्हात पाणी चमकत होतं. मधलं एक ढेकूळ मोठं होतं, बैलाच्या डोक्याएवढं. ते बराच वेळ टिकलं. मग खालून भिजत गेलं, एका बाजूनं खचलं, आणि त्यातून बुडबुडे आले.

आता खाचरात नुसतं पाणी होतं. आभाळ दिसत होतं त्यात, आणि विजेची तार.

"हे चार बोटं झालं," सरू म्हणाली. तिचा आवाज रोज मुलांना अ आ इ शिकवतानाचा होता. "तिथं पाच माळशेज आहेत."

आबा पाण्यात उतरले. दोन पावलं गेले, वाकले, हात चिखलात कोपरापर्यंत घातला. चाचपत राहिले.

"हाय अजून," ते म्हणाले. "खाली हाय ढेकूळ."

"आहे ना."

"पन कोरडं नाय."

"नाही, आबा."

त्यांनी हात बाहेर काढला. तळहातावर चिखल होता, तपकिरी. तो त्यांनी धुतला नाही. विहिरीत मोटार कोरडी घरघरायला लागली तेव्हा दर्शना जाऊन बटण बंद करून आली. काहीतरी करायला होतं म्हणून बरं वाटलं. तेवढंच.

"राघोला सांग," आबा तिला म्हणाले. "पानं तोड म्हनावं."


गणती

ओढ्याच्या कोरड्या वाळूवर राघोनं धुतलेलं पांढरं धोतर अंथरलं. पानं पाटीत होती, ओल्या फडक्याखाली. गावातली दहा-बारा माणसं वरच्या काठावर उभी होती. बायका यायची रीत नव्हती, पण सरू आणि दर्शना आल्या आणि कुणी काही बोललं नाही.

राघो मोठ्यानं मोजत होता. डोक्याला चाळीस. मानेला दहा. छातीला वीस, पोटाला तीस. पानं एकावर एक अशी पडत होती की हळूहळू माणूस दिसायला लागला. कुठलाही माणूस. राघोच्या बापानं शिकवलेला, तीनशे साठ पानांचा, ज्याचे दोन्ही हात सारखे आणि दोन्ही पाय सारखे.

उजव्या हाताला पन्नास. डाव्या हाताला पन्नास.

"थांब," आबा म्हणाले.

ते खाली बसले. डाव्या हाताचं शेवटचं पान, जिथं करंगळी आली असती तिथलं, त्यांनी उचललं.

"महादू, गनती मोडते," राघो हळूच म्हणाला. "तीनशे साठ लागतात."

"त्याला पेर नव्हतं."

"पन शास्तर..."

"राघो, माझा पोरगा हाय. तीनशे एकोनसाठचा हाय."

राघोनं आबांकडं बघितलं, मग पानांकडं. मग पुढं मोजायला लागला. कंबरेला वीस. मांड्यांना शंभर. गुडघ्यापासून खाली तीस. पायाच्या बोटांना दहा. शेवटचा आकडा त्यानं मोठ्यानं उच्चारला नाही.

ओली पानं पेटायला वेळ लागला. धूर आधी पांढरा आला, मग काळा, आणि ओढ्याच्या वळणानं खाली गेला. सरूनं पदराखालचं मंगळसूत्र काढून राघोनं धरलेल्या ताटात ठेवलं. कुणी रडलं का, असं कुणी नंतर दर्शनाला विचारलं असतं तर तिला आठवलं नसतं. तिला आठवत होता तो वाळूचा आकार. वाऱ्यानं ओढ्यातल्या वाळूवर बारीक बारीक घड्या पडल्या होत्या, सगळ्या एकाच दिशेला. त्या किती उंच, किती रुंद, हे तिनं उभ्या उभ्या मोजून टाकलं होतं.


चौकोन

शुक्रवारी संध्याकाळी रितेशचा फोन आला.

"नकाशा मिळाला. मध्ये भोक आहे."

"हो."

"फाइल चुकली का तुझी?"

"नाही. तिथं मोजलेलं नाही, म्हणून कोरं ठेवलं."

"अगं, पण आपण नेहमी..." तो थांबला. फोनमध्ये ऑफिसातला पंखा ऐकू येत होता. "ते लोक विचारतील."

"तर सांगायचं, माहिती नाही."

"बघतो," रितेश म्हणाला आणि फोन ठेवला.

आबा ओटीवर बसले होते. ओढ्यावरून आणलेलं ते पान त्यांनी दोन दिवस खांबाला खोचून ठेवलं होतं. आता ते वाऱ्यानं खाली पडलं होतं, कडा वाळल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी मान वळवली.

"त्या जागी काय ठेवलंस मग?"

"काही नाही."

"रंग?"

"रंग नाही. पांढरं."

आबांनी बाहेर बघितलं. समोरच्या खाचरातलं पाणी जमिनीनं पिऊन टाकलं होतं. ढेकळं गेली होती. चाळीस वर्षांत त्यांनी केलं नसेल इतकं ते सपाट झालं होतं, आणि आता त्याला बारीक तडे जायला लागले होते.

"बरं केलंस," ते म्हणाले.

शेजारची शेळी ओटीच्या पायरीशी आली, मान लांब करून पान ओढून घेतलं आणि चावत उभी राहिली. तिला कुणी हाकललं नाही.

"मोटार लाव जा," आबा म्हणाले. "चार वाजून गेले. भेंडी सुकली."